वरून येणारे पन्नास किलो झेलायचे म्हणजे

चीअरलीडिंगमधला बास्केट टॉस, म्हणजे एका मुलीला हवेत उंच फेकून झेलणं, टीव्हीवर दोन-तीन सेकंदांत संपतो, त्यामुळे त्यात किती ताकद जाते ते कळत नाही. दोन बेस, म्हणजे खालून फेकणारे, समोरासमोर उभे राहून स्वतःचं आणि समोरच्याचं मनगट धरतात. लहान मुलं हातांची पालखी करतात तशीच ही पकड. त्यावर फ्लायर, म्हणजे वर फेकली जाणारी मुलगी, पाय ठेवते, मागे तिला सांभाळणारा बॅक स्पॉट उभा असतो. ठरलेल्या काउंटला सगळे एकाच वेळी गुडघे वाकवतात, एकाच वेळी पाय सरळ करतात आणि हात डोक्यावर जाईपर्यंत ढकलतात. फ्लायर हवेत ताठ वर जाते, वरच्या टोकाला पोहोचली की पाय उघडते किंवा गिरकी घेते, आणि पाठीवर येत खाली झेलली जाते.

साधं गणित करून बघू. फ्लायर पन्नास किलोची, तिचं शरीर चार मीटरवर पोहोचलं आणि झेल सव्वा मीटरवर झाला, असं धरा. पावणेतीन मीटर पडल्यावर तिचा वेग ताशी २६ किलोमीटरच्या आसपास असतो. झेलणाऱ्यांनी हात उंच ठेवून, मग कोपर आणि गुडघे वाकवत तिला अर्ध्या मीटरच्या अंतरात थांबवलं, तर सरासरी सव्वातीनशे किलोंचा भार तिघांवर वाटला जातो. हात ताठ ठेवून निम्म्या अंतरात थांबवलं तर तोच भार सहाशेवर जातो. मनगटं आणि कोपरं इथेच जातात.

फेक बिघडते ती बहुतेक वेळा खालीच. एका बेसने अर्धा काउंट आधी ढकललं की फ्लायर तिरकी जाते. जोर पायांऐवजी कमरेतून लावला तर उंची मिळत नाही, आणि हंगाम संपेपर्यंत पाठही धरते. फ्लायरच्या बाजूने नेहमीची चूक म्हणजे वर पोहोचण्याआधीच कमरेत वाकणं किंवा खाली बघणं. मान खाली गेली की छाती खाली जाते, आणि झेल पाठीवर न येता बाजूवर येतो. अशा वेळी फ्लायरचं कोपर बॅक स्पॉटच्या नाकावर किंवा कपाळावर बसतं. कन्कशन, म्हणजे डोक्याला मार बसून मेंदूला होणारी इजा, फक्त पडणाऱ्यालाच होतं हा समज म्हणूनच चुकीचा. झेलणारे त्यात भरपूर सापडतात. ‘टाइट राहा’ असं प्रशिक्षक सारखे ओरडतात ते याच कारणाने. वजन तेवढंच असलं तरी सैल शरीर झेलायला कितीतरी जड.

हे सगळं करणाऱ्यांना अमेरिकेतल्या विद्यापीठांत ‘ॲथलीट’ म्हणायचं की नाही, यावर अजून वाद चालतो.

वादाची कायदेशीर बाजू २०१० च्या क्विनिपिॲक विद्यापीठाच्या खटल्यात स्पष्ट झाली. विद्यापीठाने पैसे वाचवण्यासाठी मुलींचा व्हॉलीबॉल संघ बंद करून त्याजागी स्पर्धात्मक चीअरचा संघ उभा करायचं ठरवलं होतं. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याप्रमाणे मुलींना खेळाच्या समान संधी द्याव्या लागतात, आणि त्या हिशोबात चीअरच्या मुली मोजायच्या होत्या. न्यायाधीश स्टीफन अंडरहिल यांनी ते नाकारलं. निकालाचा आधार होता रचनेचा अभाव: एकसारखे नियम नाहीत, प्रतिस्पर्धी कुठे विद्यापीठाचे संघ तर कुठे क्लब, खेळाडूंची बाहेर जाऊन भरती नाही. २०१२ मध्ये वरच्या न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला. या मुलींच्या शारीरिक क्षमतेवर त्या निकालात काही ठपका नव्हता, तरीही ‘चीअर हा खेळ नाही असं कोर्टानेच सांगितलं’ हे वाक्य आजही फेकलं जातं. निकाल बरोबरच होता असं माझं मत आहे. व्हॉलीबॉलच्या मुलींना घालवून आकडे जुळवायला चीअर वापरणं म्हणजे मान्यता देणं नव्हेच.

त्यानंतर रचनेचं काम पुढे सरकलं. चीअरमधूनच निघालेल्या ‘स्टंट’ नावाच्या खेळात बाजूला उभं राहून घोषणा देणं नाहीच. सामना चार क्वार्टरचा असतो: पार्टनर स्टंट, उड्या आणि टम्बलिंग (कोलांट्या), पिरॅमिड आणि टॉस, आणि शेवटी या सगळ्यांची मिळून रुटीन. दोन्ही संघ तीच ठरवून दिलेली रुटीन शेजारी-शेजारी, एकाच वेळी करतात. जो नीट करेल त्याला गुण. ॲक्रोबॅटिक्स अँड टम्बलिंग हा तसाच दुसरा खेळ २०२० मध्ये आणि स्टंट २०२३ मध्ये एनसीएए या अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या खेळांचं नियमन करणाऱ्या संस्थेच्या, महिलांसाठीच्या उदयोन्मुख खेळांच्या यादीत आला. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने चीअरच्या जागतिक संघटनेला २०१६ मध्ये तात्पुरती आणि २०२१ मध्ये पूर्ण मान्यता दिली.

पण नेहमीचा चीअर संघ आणि डान्स टीम या यादीबाहेरच आहेत. त्याचे परिणाम रोजच्या सरावात दिसतात.

पहिलं म्हणजे तास. एनसीएएच्या खेळाडूला हंगामात आठवड्याला २० तास, दिवसाला ४ तास आणि आठवड्यातून एक दिवस सुट्टी, अशी मर्यादा आहे. चीअर आणि डान्सला ती लागू होत नाही. त्यांच्या वेळापत्रकात फुटबॉलचे सामने, मग बास्केटबॉलचे, विद्यापीठाचे समारंभ आणि वर स्पर्धेची तयारी. डान्स टीमची मोठी राष्ट्रीय स्पर्धा जानेवारीत ऑरलँडोला, चीअरची एप्रिलमध्ये डेटोना बीचला. पहिली ऐन बास्केटबॉलच्या हंगामात येते, म्हणजे थकवा उतरायला वेळच नाही. आणि स्टंटमधले, म्हणजे उचलण्या-फेकण्याच्या कसरतींमधले, अपघात थकलेल्या पायांनीच होतात. सरावाच्या शेवटच्या अर्ध्या तासात नवीन स्टंट घेऊ नये, एवढा साधा नियमही सगळीकडे पाळला जात नाही.

दुसरं, जमीन. स्पर्धेतली ५४ बाय ४२ फुटांची चटई फोमची असते. बास्केटबॉलचं कोर्ट लाकडी, कडक. २००६ मध्ये सेंट लुईसमधल्या एका सामन्यात चीअरलीडर पिरॅमिडवरून डोक्यावर पडली, मानेच्या मणक्याला फ्रॅक्चर झालं. त्यानंतर चटईशिवाय कोर्टवर काय करायचं नाही याचे नियम कडक झाले. तरी सरावाची जागा ही खरी अडचण राहतेच. व्यायामशाळा आधी मान्यताप्राप्त संघांना मिळते, उरलेल्या वेळेत हे, कधी कधी कॉरिडॉरमध्ये. टॉसचा सराव करायला छताची उंचीही लागते, हे जागा वाटणाऱ्यांच्या डोक्यात येत नाही.

डान्सबद्दल तर आणखी गैरसमज. ‘नाचतातच ना’ म्हणणाऱ्याने दोन मिनिटांची पॉम (हातात झुपके घेऊन केलेली) किंवा जॅझ रुटीन पूर्ण ताकदीने करून बघावी. त्यात गिरक्यांचा भाग असतो: एक पाय बाजूला नितंबाच्या उंचीवर धरून दुसऱ्या पायावर सलग गिरक्या. प्रत्येक फेरीला आधाराचा गुडघा वाकतो, टाच उचलते, पुन्हा टेकते. सगळ्या टीमने एकाच दिशेला फिरायचं, म्हणून आधाराचा पाय नेहमी तोच. त्या घोट्यावर, नडगीवर आणि खुब्यावर महिनोन्‌महिने एकतर्फी भार पडतो. बूट म्हणावा तर चवड्यापुरता पातळ तळवा, गादी नावालाही नाही. नडगी दुखते म्हणून बर्फ लावून नाचत राहायचं आणि पुढे तिथे स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या भाराने हाडाला पडलेली बारीक चीर, निघायचं, हा क्रम ओळखीचा आहे. त्यात वजनाचा धाक असेल, जेवण कमी असेल, तर पाळी बंद होते आणि हाडं लवकर तडकतात. फ्लायरच्या बाबतीतही हेच. तिचं वजन दोन किलोंनी उतरवण्यापेक्षा बेसच्या मांड्या मजबूत करणं केव्हाही स्वस्त आणि सुरक्षित.

अमेरिकन ॲकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्येच, मुख्यतः शाळा डोळ्यांसमोर ठेवून, चीअरलीडिंगला खेळाचा दर्जा द्या असं सुचवलं होतं. कारण व्यवहाराचं होतं: दर्जा आला की ॲथलेटिक ट्रेनर (खेळाडूंच्या दुखापती बघणारा), वैद्यकीय तपासणी, प्रशिक्षित कोच आणि सरावाच्या मर्यादा आपोआप लागू होतात. विद्यापीठांना मात्र त्यासाठी एनसीएएची वाट बघायची गरज नाही. हंगामाआधी प्रत्येकाची कन्कशनची बेसलाइन चाचणी, म्हणजे पुढे तुलना करायला निरोगी असतानाची नोंद, करता येते. स्टंटच्या सरावाला ट्रेनर हजर ठेवता येतो. फक्त सामन्याला ठेवून उपयोग नाही, कारण नवीन गोष्टी सरावातच शिकल्या जातात. मांडीवर उभं राहणं, मग खांद्याच्या उंचीचा प्रेप, मग हात सरळ करून एक्स्टेंशन, मग एका पायावरची लिबर्टी, हा क्रम लिहून ठेवून एक पायरी पक्की झाल्याशिवाय पुढची करू न देण्याचा अधिकार कोचला देता येतो. आणि कन्कशन झालेल्या बेसला परत कधी उभं करायचं हे कॅप्टनने ठरवायचं नसतं, डॉक्टरने ठरवायचं असतं. शनिवारी मोठा सामना असला तरीही.