तुम्ही विचारलंत म्हणून: मणी ‘आत’ आहे हे कशावरून?

मॅक्रोफेज म्हणजे परक्या वस्तू गिळणाऱ्या रक्षक पेशी; त्या किती गिळतात हे मोजायला आम्ही त्यांना चमकणारे प्लास्टिकचे मणी देतो. प्रश्न बहुतेक वेळा चित्र समोर ठेवूनच येतो. “पेशीची कड दिसतेय, कडेच्या आत हिरवे मणी दिसतायत, म्हणजे मॅक्रोफेजने ते गिळलेत. मग आणखी एक रंग, बर्फावरची काच, गिळणं रोखणारं सायटोकॅलेसिन, हे सगळं कशासाठी? दोन दिवसांचं काम आठवड्यावर का नेता?” आजवर मी याचं उत्तर “कंट्रोल (तुलनेसाठीच्या काचा) लागतात” एवढंच देत आले. ते अपुरं होतं, आणि अपुऱ्या उत्तरामुळेच प्रश्न परत परत येत राहिला. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

त्या चित्रात मणी पेशीच्या आत दिसत नाही. तो पेशीच्या बाह्यरेषेच्या आत दिसतो, आणि या दोन गोष्टींत फार अंतर आहे. साध्या फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपमध्ये फोकसच्या वरचा आणि खालचा उजेडही कॅमेऱ्यावर येतो. पेशीच्या पाठीवर बसलेला मणी, पोटात गेलेला मणी आणि पेशीखाली काचेवर दबलेला मणी, वरून पाहताना तिघांची जागा एकच. हिरव्या ठिपक्याला वर-खाली कळत नाही.

“मग कॉन्फोकलवर (एकेका थराचाच उजेड टिपणाऱ्या मायक्रोस्कोपवर) थर पाडा.” हे मला सांगू नका, काही वर्षं मी स्वतः हेच इतरांना सांगत होते. ६३ पट, १.४ न्युमरिकल अ‍ॅपर्चरचं तेलातलं ऑब्जेक्टिव्ह, पिनहोल बारीक, ०.३ मायक्रॉनच्या पायऱ्या, आणि शेवटी बाजूने कापलेलं दृश्य. ते दृश्य इतकं देखणं असतं की शंका घ्यावीशी वाटत नाही. पण हिशेब मांडून बघा. हिरव्या उजेडात या ऑब्जेक्टिव्हची आडवी भेदनक्षमता साधारण ०.२ मायक्रॉन, उभी त्याच्या दुपटी-तिपटीची. आत आणि बाहेर यांच्यामध्ये असतो तो फक्त पेशीपटल, जाडी दहा नॅनोमीटरच्या आतबाहेर. पटलाला बाहेरून चिकटलेला मणी आणि पटलाने नुकताच पूर्ण वेढलेला मणी यांतला फरक उजेडाच्या पल्ल्यात बसतच नाही. त्यात पॉलिस्टायरिनचा अपवर्तनांक १.५९, पेशीद्रवाचा १.३७ च्या आसपास. प्रत्येक मणी स्वतःच एक छोटं भिंग होऊन बसतो आणि त्याच्या मागच्या पटलाची प्रतिमा वाकवतो. कॉन्फोकलने मणी खोल पेशीच्या मध्यात आहे हे कळतं. तो कडेला असेल तेव्हा कळत नाही, आणि नेमके कडेचेच मणी मोजणीत भांडण लावतात.

गिळणाऱ्या पेशींचा शोध लावणारे शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांचं उदाहरण हमखास दिलं जातं: १८८२ मध्ये इटलीतल्या मेस्सिनाला त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीत काटा टोचला आणि भोवती जमलेल्या पेशी साध्या मायक्रोस्कोपखाली पाहिल्या, कुठला दुसरा रंग नव्हता. खरं आहे. पण त्यांचा प्रश्न पेशी परक्या वस्तूकडे धावतात का, हा होता. आपण विचारतोय की पंधरा मिनिटांत दर पेशीमागे किती मणी पूर्ण आत गेले. आकडा हवा असेल तर आकड्याची किंमत द्यावी लागते.

म्हणून ‘आत’ ही जागा न मानता ती एक परीक्षा मानायची: बाहेरून घातलेली अँटीबॉडी ज्या मण्यापर्यंत पोहोचू शकत नाही, तो आत. अँटीबॉडी धड पटलातून जात नाही, त्यामुळे दहा नॅनोमीटरचं काम ती करते, भिंगाला करावं लागत नाही. तीन मायक्रॉनचे हिरवे मणी घ्यायचे, माणसाच्या आयजीजीने (रक्तातल्या अँटीबॉडीने) मढवायचे, पेशींवर दर पेशीमागे सुमारे दहा या प्रमाणात घालायचे. बर्फावर ठेवून सेंट्रिफ्यूजमध्ये ३०० जी ला एक मिनिट फिरवायचे, म्हणजे सगळे एकदम पेशींवर बसतात आणि घड्याळ सगळ्यांसाठी एकाच क्षणी सुरू होतं. ३७ अंशांचं गरम माध्यम घातलं की गिळणं सुरू. वेळ संपली की परत बर्फ, आणि पटल शाबूत असतानाच माणसाच्या आयजीजीविरुद्धची लाल रंगाची अँटीबॉडी. मग ४ टक्के पॅराफॉर्मल्डिहाइडने फिक्स करायचं. केवळ हिरवा तो आत, हिरवा-लाल तो बाहेर. आधी फिक्स करून मग लाल रंग देणारेही आहेत, पण फॉर्मल्डिहाइडनंतर काही पेशींचं पटल थोडं गळतं होतं आणि आतले मणीही लाल होतात. मिथेनॉलने फिक्स करून ‘बाहेरचा’ रंग देणं तर सरळ चूक आहे, कारण ते पटलच विरघळवतं.

ट्रायपॅन ब्लूचा सोपा मार्ग आहेच की, असं तुम्ही म्हणाल. बाहेरच्या कणांची हिरवी चमक तो मारतो, आतल्यांपर्यंत पोहोचत नाही. झायमोसानवर (यीस्टच्या भिंतीच्या कणांवर) किंवा जिवाणूवर पृष्ठभागाला एफआयटीसी हा हिरवा रंग जोडलेला असेल तर तो चांगला चालतो. पण बाजारातल्या बऱ्याच मण्यांमध्ये रंग प्लास्टिकच्या गाभ्यात मुरवलेला असतो. ट्रायपॅन ब्लू त्या रंगाला शिवतच नाही, मणी बाहेर असून चमकत राहतो आणि मोजणीत आत धरला जातो. शिवाय हा रंग प्रथिनांना चिकटला की स्वतःच लाल चमकतो, त्यामुळे लाल वाहिनीत दुसरं काही पाहायचं असेल तर ती वाहिनी गेली. मेलेल्या पेशीत तो आत शिरतो आणि आतल्या मण्यांचीही चमक मारतो.

पीएचरोडोबद्दलही तेवढंच स्पष्ट बोलते. आम्लात चमकणारा हा रंग मलाही आवडतो. पण तो ‘गिळलं का’ याचं उत्तर देत नाही, ‘गिळल्यावर आम्ल झालं का’ याचं देतो. नुकत्याच बंद झालेल्या फॅगोसोममधला (गिळलेल्या कणाभोवतीच्या पिशवीतला) कण त्याला दिसत नाही. बाफिलोमायसिन देऊन आम्ल थांबवलं तर पेशी पोटभर गिळूनही पडद्यावर उपाशी दिसते. न्यूट्रोफिल या दुसऱ्या गिळणाऱ्या पेशीच्या फॅगोसोमचा पीएच सुरुवातीला फारसा उतरतच नाही, तिथे तर हा रंग सरळ फसवतो. एफआयटीसीचं नेमकं उलट, आम्लात ते फिकं पडतं: त्याचा पीके (ज्या पीएचभोवती चमक उतरते तो) ६.४ च्या जवळ आणि मॅक्रोफेजचा फॅगोसोम पाचापर्यंत उतरतो, म्हणजे जे कण सर्वांत आधी गिळले गेले तेच सर्वांत फिके. आणि फिक्स केल्यावर आम्लाचा फरक तसाच टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून पीएचरोडो मी जिवंत पेशींतच पाहते. फिक्स केलेल्या काचेवर तो मोजलेली चित्रं घेऊन लोक येतात तेव्हा काय बोलावं हे खरंच सुचत नाही.

आता तो प्रयोग, ज्याच्यामुळे मी एवढी हट्टी झाले.

रॉ २६४.७ पेशी (प्रयोगशाळेत वाढवलेल्या उंदराच्या मॅक्रोफेज पेशी), वर सांगितलेलीच दोन रंगांची पद्धत. पंधरा आणि तीस मिनिटांच्या काचांवर गिळलेल्या मण्यांचे आकडे भरघोस आले. पेशी निरोगी, मणी ठसठशीत, चित्रं छापण्याजोगी. बर्फावर ठेवलेली काच शेवटी पाहिली, कारण तिच्यावर काही दिसणार नाही याची खात्री होती. चार अंशांवर मणी पेशीला चिकटतात, पण पेशीला हालचाल देणाऱ्या ॲक्टिन प्रथिनाचा सांगाडा त्यांना ओढून घेऊ शकत नाही. त्यामुळे त्या काचेवरचे सगळे मणी हिरवे-लाल हवेत. त्यांतले कितीतरी निव्वळ हिरवे होते. आमच्याच व्याख्येप्रमाणे बर्फात गारठलेल्या पेशी मणी गिळत होत्या.

पहिला संशय धुण्यावर गेला, आणि तो खराही निघाला. धुण्याचं बफर खोलीच्या तापमानाचं होतं, फिक्सेटिव्हही. एफसी रिसेप्टरवरून (आयजीजी पकडणाऱ्या प्रथिनावरून) होणारं गिळणं काही मिनिटांत पुरं होतं, आणि फॉर्मल्डिहाइड पेशीला त्या क्षणी गोठवत नाही. तेवढ्या ऊबेत काही मणी आत सरकले. पुढच्या खेपेला बफर, अँटीबॉडी, फिक्सेटिव्ह सगळं बर्फावर ठेवलं. निव्वळ हिरवे मणी कमी झाले, संपले नाहीत.

मग सायटोकॅलेसिन डी: १० मायक्रोमोलर, मणी घालण्याआधी ३० मिनिटं आणि नंतरही माध्यमात कायम, शेजारी तेवढ्याच डीएमएसओची (औषध ज्यात विरघळवलं त्या द्रवाची) काच. ॲक्टिन बांधलंच जात नाही तेव्हा तीन मायक्रॉनचा मणी आत जाणार कसा? तरीही निव्वळ हिरवे मणी होतेच. अँटीबॉडीला बर्फावर वेळ कमी पडतोय असं वाटून दहा मिनिटांची तीस केली. अगदी थोडा फरक पडला. उंबरठा फार वर लावलाय का, म्हणून लाल वाहिनीचा कॉन्ट्रास्ट ताणून पाहिला. काही मण्यांभोवती अंधूक लाल कडं उमटलं, बाकीच्यांभोवती काहीच नाही.

उत्तर मिळालं ते पेशी नसलेल्या काचेवर. मणी चिकटावेत म्हणून पॉलिलायसिन लावलेली कोरी काच, तिच्यावर तेच मढवलेले मणी, तीच लाल अँटीबॉडी. इथे गिळणारं कोणी नाही, लपायला जागा नाही, प्रत्येक मणी लाल झालाच पाहिजे. झाला नाही. मण्यांचा बराच भाग निव्वळ हिरवा. म्हणजे ते मणी मढलेलेच नव्हते. आयजीजीत मणी घातल्यावर नळी ३७ अंशांवर उभी ठेवून दिली होती, फिरती नव्हती. तीन मायक्रॉनचे मणी तळाशी बसले, गोळे झाले, गोळ्याच्या आतल्यांपर्यंत प्रथिन पोहोचलं नाही, आणि नंतर हलवल्यावर ते उघडे मणी बाकीच्यांत मिसळून गेले. आयजीजी नसलेला मणीही पेशीला दुसऱ्या रिसेप्टरांनी थोडाफार चिकटतो. लाल अँटीबॉडीला पकडायला त्याच्यावर काही नाही. तो बाहेर असतो आणि आमच्या वहीत ‘आत’ लिहिला जातो.

“मग कोऱ्या काचेवरची टक्केवारी वजा करा, आधीचे आकडे वाचतील.” हेही मला सुचवलं गेलं, आणि त्या रात्री मीही तेच करून पाहिलं. चालत नाही. उघडा मणी आणि मढवलेला मणी सारख्या प्रमाणात चिकटत नाहीत, सारख्या वेगाने गिळले जात नाहीत. कोऱ्या काचेवरचं प्रमाण पेशीवरच्या प्रमाणाइतकं असण्याचं काही कारणच नाही. शिवाय प्रत्येक नळीतलं मढणं वेगळं. त्या बॅचमधली एकही संख्या वापरण्याजोगी उरली नाही. चित्रं आजही सुंदर आहेत, आणि ती चित्रं मी कुठेही दाखवत नाही.

त्यानंतर बदललं ते एवढंच: मणी आधी पाच मिनिटं सोनिकेटरच्या पाण्यात, मग आयजीजी, मग तासभर नळी सतत फिरती, तीन धुण्या, आणि पेशींवर घालण्याआधी एक थेंब काचेवर घेऊन गोळे मोजणं. आणि दर प्रयोगाला एक काच पेशींविना. तुम्ही ज्याला आठवड्याचं काम म्हणता त्यातला मोठा वाटा या एका काचेचा आणि तिच्यावर सगळं ठीक दिसेपर्यंत थांबण्याचा आहे.

एक कबुलीही द्यायला हवी. बर्फाची काच शेवटी पाहणं ही माझीच सवय होती, आणि ती वेळ वाचवण्यासाठी होती. तुमचा प्रश्न मला झोंबतो तो त्यामुळेही. त्या वेळी कोणी विचारलं असतं तर मीही म्हटलं असतं, दिसतंय की आत. मोजणारा आंधळा असावा, म्हणजे कोणती काच कशाची हे त्याला माहीत नसावं, हेही तेव्हा मला अतिरेकी वाटायचं. कडेचा मणी आत धरायचा की बाहेर, हे औषध दिलेल्या काचेवर एका बाजूला झुकतं आणि न दिलेल्या काचेवर दुसऱ्या, आणि झुकणाऱ्याला ते जाणवत नाही.

एवढं करूनही सगळं मिटलंय असं मला म्हणता येत नाही. ३७ अंशांवर पेशी सरपटतात आणि काचेवर पडलेल्या मण्यावर चढून बसतात. खाली दबलेल्या मण्यापर्यंत अँटीबॉडी पोहोचत नाही, मणी हिरवाच राहतो. फॅलॉइडिनने ॲक्टिन रंगवून थर पाहिले तर असे बरेच मणी ओळखू येतात, कारण ते अगदी काचेच्या पातळीला असतात. बरेच, सगळे नाहीत. लॅम्प-१ या पेशीच्या पचनपिशव्यांच्या पटलावरच्या प्रथिनाचं कडं मण्याभोवती दिसलं तर तो नक्की आत, पण ते कडं यायला वेळ लागतो, पाच मिनिटांच्या काचेवर त्याचा उपयोग नाही.

आणि चंद्रकोरी. लाल रंग मण्याच्या एकाच बाजूला कोरीसारखा दिसतो, म्हणजे पटल अर्ध्यावर चढलंय आणि पटलाचा प्याला अजून उघडा आहे. हे मणी मी बाहेर मोजते, आणि हा नियम मोजणी सुरू होण्याआधी वहीत लिहून ठेवते. पण प्याला जवळजवळ मिटत आला, तोंडाशी अँटीबॉडी शिरण्यापुरतीही फट राहिली नाही आणि पटल अजून जुळलेलं नाही, तर तो मणी निव्वळ हिरवा दिसतो. त्याला मी आत धरते. पेशीच्या हिशेबाने तो अजून बाहेर आहे. पाच मिनिटांच्या काचेवर असे किती असतात, हे फिक्स केलेल्या पेशीत मला वेगळं काढता आलेलं नाही, म्हणून त्या काचेचे आकडे मी तीस मिनिटांच्या काचेशेजारी एकाच स्तंभात लिहीत नाही.