पंखा फिरत होता, तरी प्रोसेसर तापत होता

गेले दोन महिने माझा संगणक एका ठरावीक कामाच्या वेळी हमखास मंदावत असे. लेखन, वाचन, पत्रव्यवहार सारे सुरळीत चाले. मात्र व्हिडिओ रेंडर करायला, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करायला लावला की काही सेकंदांतच पंख्याचा आवाज चढे आणि काम रेंगाळत राही. कॅबिनेट उघडून पाहिले, तर प्रोसेसरवरचा पंखा व्यवस्थित फिरत होता. हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता शोषणाऱ्या धातूच्या भागाच्या पात्यांत साचलेली थोडी धूळ मी ब्रशने झटकली आणि कूलरमध्ये (हीटसिंक आणि पंखा यांच्या जोडीत) दोष नाही, असे ठरवून टाकले. हा निष्कर्ष घाईचा होता, कारण प्रोसेसरची उष्णता धातूच्या तळातून पात्यांपर्यंत पोहोचते की नाही, हे पंख्याकडे पाहून कळत नाही.

त्यानंतर मी मोजमाप करायचे ठरवले. बायोसमध्येही (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डवरच्या प्रोग्रॅममध्ये) तापमान दिसते, परंतु तेथे प्रोसेसरची वीजबचत बहुधा पूर्णपणे चालू नसल्यामुळे तो आकडा थोडा चढा असू शकतो. म्हणून विंडोज सुरू झाल्यावर एचडब्ल्यूइन्फो हा तापमान दाखवणारा प्रोग्रॅम उघडून दहा मिनिटे काहीही न करता नोंद घेतली. खोलीत २७ अंश सेल्सिअस असताना प्रोसेसर ५६ अंशांवर होता आणि पंखा मिनिटाला सुमारे १,९०० फेरे घेत होता. विसाव्याच्या स्थितीत हा आकडा मला जास्तच वाटला. मग प्रोसेसरवर पूर्ण ताण देणारी सिनेबेंच या प्रोग्रॅमची चाचणी लावली, आणि जेमतेम दोन सेकंदांत तापमान १०० अंशांना भिडले. माझ्या प्रोसेसरची ती कमाल मर्यादा असल्याने त्याने स्वतःला वाचवण्यासाठी वेग ४.२ गिगाहर्ट्झवरून २.६ वर आणला. रेंडरिंग रेंगाळण्याचे कारण हेच होते.

या चाचणीत तापमान किती चढले यापेक्षा ते किती वेगाने चढले, याला मी अधिक महत्त्व देतो. हीटसिंक म्हणजे धातूचा बऱ्यापैकी मोठा गोळा. तो तापायला वेळ लागतो. हवा कमी पडत असेल, तर तापमान काही मिनिटांत हळूहळू वर सरकते. ते क्षणार्धात टोक गाठत असेल, तर उष्णता हीटसिंकमध्ये शिरतच नाही, अशी दाट शंका घ्यावी. शंका पडताळण्यासाठी मी चाचणी थांबवून संगणक बंद केला आणि पंखा थांबताच पात्यांच्या कडेला बोट टेकवले. आत १०० अंश दाखवणाऱ्या प्रोसेसरवर बसलेल्या त्या पात्या जेमतेम कोमट होत्या.

माझा कूलर प्रोसेसरसोबत मिळालेला, चार प्लॅस्टिकच्या पिनांनी बसणारा आहे. मदरबोर्डच्या मागच्या बाजूने टॉर्चच्या उजेडात पाहिले, तेव्हा तीन भोकांतून पांढऱ्या पिनांची टोके बाहेर येऊन मधल्या काळ्या खुंटीमुळे फाकलेली दिसली. चौथी पिन मात्र भोकातच अडकून राहिली होती. वरून पाहता चारही सारख्याच वाटत होत्या. वीजजोडणी काढून, पिनांची डोकी बाणाच्या दिशेने पाव फेरा फिरवून कूलर उचलला, तर थर्मल पेस्टच्या (प्रोसेसर आणि हीटसिंक यांच्यामध्ये उष्णता वाहून नेणाऱ्या लेपाच्या) तीन पट्ट्यांपैकी दोन दाबल्या जाऊन पातळ पसरल्या होत्या आणि अडकलेल्या पिनेकडची तिसरी जशीच्या तशी, कडांसह उभी होती. (ज्या प्रोसेसरच्या पोटाला पिना असतात, त्यांचा कूलर सरळ वर ओढू नये, आधी संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट कोमट करावी, मग संगणक बंद करून कूलर हलकेच डावीउजवीकडे फिरवावा, नाहीतर प्रोसेसरही सॉकेटमधून उपटून येतो.)

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने दोन्ही पृष्ठभागांवरून पुसली आणि मधोमध वाटाण्यापेक्षा लहान ठिपका ठेवला. पिना या वेळी समोरासमोरच्या कोपऱ्यांतून, जोडीजोडीने दाबल्या, प्रत्येकीचा ‘टक्’ आवाज ऐकला आणि तरीही मागच्या बाजूने चारही टोके फाकली आहेत, याची खात्री केल्यावरच पंख्याची वायर जागेवर लावली.

त्याच खोलीत, तेवढ्याच तापमानात पुन्हा नोंद घेतली. विसाव्याला ३७ अंश. चाचणीत तापमान आधी साठीत गेले, तेथून सावकाश चढत वीस मिनिटांनी ७६ अंशांवर स्थिरावले, आणि या वेळी पात्या चांगल्याच गरम लागल्या. प्रोसेसरचा वेग संपूर्ण वेळ टिकून राहिला. शेवटी कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढून हीच चाचणी आणखी एकदा चालवली. फरक केवळ ३ अंशांचा पडला, तेव्हा कॅबिनेटला जादा पंखा बसवण्याचा विचार मी सोडून दिला आणि पत्रा पुन्हा लावून टाकला.