बटण होकायंत्र घेताना

खिशातल्या सर्व्हायव्हल किटसाठी बटणाएवढी होकायंत्रं मिळतात, बहुतेक १४ किंवा २० मिलिमीटर व्यासाची. २० च्या खाली जाऊ नका. २० च्या यंत्रात आतली तबकडी जेमतेम १६ मिलिमीटरची, म्हणजे परीघ ५० मिलिमीटर. कडेवरचा एक मिलिमीटर म्हणजे सात अंश! त्यात हात हलतो, तेव्हा १०-१५ अंशांची चूक धरूनच चालायचं. १० अंश चुकलं की किलोमीटरमागे पावणेदोनशे मीटर बाजूला जातो. त्यामुळे धुक्यात नेमकी घळ शोधायला हे यंत्र कामाचं नाही. गाव डोंगराच्या धारेच्या कुठल्या अंगाला आहे आणि आपण गोल गोल तर फिरत नाही ना, एवढंच त्याला विचारायचं. अंशांच्या बारीक रेघा छापलेल्या असतील तर त्यावर जास्त पैसे घालवू नका. ठळक अक्षरं आणि सहज फिरणारी तबकडी बघा.

तेल भरलेलंच घ्या. कोरड्या यंत्रातली सुई थरथरत राहते, आणि पावसाळ्यात आत दमट हवा शिरली की कागदी तबकडी फुगून काचेला घासते. तेलवाल्यात थंडीत किंवा उंचीवर बारीक बुडबुडा दिसला तर घाबरायचं कारण नाही, ऊब मिळाली की तो जातो. उबेतही राहिला तर तेल गळतंय. मोठ्या होकायंत्रात लहानसा बुडबुडा खपतो, पण बटणात तोच तबकडीला एका बाजूला ढकलतो. घरी आणल्यावर रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा, मग कोमट पाण्याच्या वाटीत सोडा. कडेने बारीक फुगे सुटले किंवा आतला बुडबुडा गेला नाही, तर ते परत करा.

खरी परीक्षा टेकूची. ज्या टोकावर तबकडी तोललेली असते ते बोथट असेल तर ती कुठेही अडकते, आणि अडकलेली तबकडी स्थिर दिसते म्हणून फसायला होतं. यंत्र लाकडी टेबलावर ठेवा, थांबलेली दिशा बघून ठेवा. चाकूचं पातं जवळ आणून तबकडी पाव फेरा वळवा आणि पातं लांब न्या. (किल्ली वापरू नका, बऱ्याच किल्ल्या पितळी असतात.) पाच वेळा डावीकडून, पाच वेळा उजवीकडून. दरवेळी चार-पाच सेकंदांत ती त्याच जागी यायला हवी. डावीकडून एक आणि उजवीकडून दुसरीच दिशा दाखवली तर टेकू खराब आहे. दुकानात चार-पाच यंत्रं शेजारी शेजारी मांडून तुलना करतात, ते मात्र चुकीचं. ती एकमेकांनाच ओढतात. एकेक उचलून त्याच जागी ठेवून बघा, बाकीची हातभर लांब.

परदेशातून मागवताना यंत्र कुठल्या गोलार्धासाठी तोललं आहे ते पाहा. उत्तर गोलार्धात पृथ्वीचं चुंबकत्व सुईचं उत्तर टोक आडव्या पातळीच्या खाली खेचतं: उत्तर युरोपात ७० अंशांच्या आसपास, मुंबई-पुण्याकडे पंचविशीच्या जवळपास. युरोपासाठीच्या यंत्रात दक्षिण टोकाला जास्त वजन असतं, म्हणून आपल्याकडे ते टोक किंचित झुकतं. एरवी चालून जातं. दक्षिण गोलार्धाचं मात्र घेऊच नका, तबकडी तळाला टेकते. एक फायदाही आहे. आपल्याकडचं आडवं चुंबकीय बळ ब्रिटनच्या सुमारे दुप्पट, त्यामुळे सुई जोरात ओढली जाते. शिवाय महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत फरक एखाद्या अंशाचाच, तो विसरून जा.

पॅराकॉर्डच्या (बारीक मजबूत दोरीच्या) कड्यात, शिट्टीत किंवा चाकूच्या मुठीत बसवलेली यंत्रं टाळा. जवळच पोलाद किंवा चकमकीची पट्टी असते आणि यंत्र बाजूला काढता येत नाही. घड्याळाच्या पट्ट्यावर अडकवायचं सुंटो क्लिपर हा चांगला पर्याय; बटणापेक्षा मोठं, पण काढून हातात घेता येतं. किटची डबी पत्र्याची असेल तर वाचताना यंत्र डबीपासून आणि मोबाइलपासून फूटभर लांब धरा. विजेच्या मोठ्या तारांपासून ५०-६० मीटर सरका. (कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ साली अलिबागला गेली ती मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणूनच.) सह्याद्रीच्या कातळात मॅग्नेटाइट हे लोखंडाचं चुंबकी खनिज असतं, आणि वीज पडलेल्या माथ्यांवर ते सुईला चांगलंच फिरवतं. यंत्र खडकावर टेकवू नका, छातीशी धरा, आणि वीस पावलं पुढे जाऊन पुन्हा बघा.

सगळ्यात वाईट बिघाड म्हणजे ध्रुव उलटणं. इअरफोनची डबी, चुंबकाचं बटण असलेलं पाकीट, मोबाइलचं चुंबकी कव्हर, यांच्याजवळ यंत्र राहिलं की उत्तरेचं टोक दक्षिण दाखवू लागतं आणि बाकी सगळं ठीकठाक दिसतं. म्हणून प्रत्येक ट्रेकला पायथ्याच्या गावातच सकाळच्या सूर्याशी ताडून बघा. दुपारच्या सावलीवर जाऊ नका, मेच्या मध्याला सूर्य पुण्यात बरोबर डोक्यावर असतो. उलटलेलं बटण "दक्षिण म्हणजे उत्तर" असं लक्षात ठेवून वापरू नका. टाकून द्या आणि दुसरं घ्या.