प्रवासाचा हेडफोन : आधी कानाला सोसला पाहिजे, मग आवाजाचं बघू

प्रवासाला कुठला हेडफोन घेऊ असं घरातले, ऑफिसातले, माहेरचे सगळेच मला विचारतात आणि मी प्रत्येकाला आधी एकच विचारते, जाणार कशानं? बेळगाव-खानापूर साधी बस, रात्रीची बेंगळुरूची रेल्वे, सांब्र्याहून विमान, या तिन्हीचा गोंगाट वेगळा, बसायची पद्धत वेगळी, आणि घरात शांत खोलीत झकास वाजणारा हेडफोन बसमधे एकदम फिका पडतो, त्यात त्या हेडफोनची काही चूक नसते. माझं मत पक्कं आहे, प्रवासाला आधी कानाला सोसणारा, मग बाहेरचा आवाज अडवणारा, आणि आवाजाची गोडी त्याच्यानंतर बघायची. दुकानात लोक नेमकं उलटं करतात, दोन मिनिटं गाणं लावतात, बेस ऐकतात आणि पैसे देऊन मोकळे होतात.

मी जास्त करून शास्त्रीय ऐकते. आमच्या भागात राहून ते कानावर पडलं नाही असं होतच नाही, इकडं धारवाडला मल्लिकार्जुन मन्सूर, हुबळीला गंगूबाई, गदगला भीमसेन, आणि कुमार गंधर्व तर आमच्या बेळगावजवळच्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. मिरजेच्या रेल्वेनं गेलं की सुळेभावीचं छोटं स्टेशन लागतं, बऱ्याच गाड्या तिथं थांबतसुद्धा नाहीत. आता कुमारांचं गाणं बसमधे ऐकायचा प्रयत्न करून बघा. ते छोट्या छोट्या तुकड्यांत गातात, मधेच आवाज इतका हलका करतात की जवळ जाऊन ऐकावंसं वाटतं, आणि पुढच्या क्षणी तार सप्तकात झेप. साध्या इअरफोनवर काय होतं, तर हलकं ऐकू येत नाही म्हणून आपण व्हॉल्यूम वाढवतो आणि ती झेप आली की कानठळ्या बसतात, मग परत कमी, परत जास्त, सगळा प्रवास बोट बटणावरच. म्हणून म्हणते की बाहेरचा आवाज अडवणं ही चैन नाही, त्याशिवाय असलं गाणं प्रवासात ऐकताच येत नाही.

तानपुऱ्याचं तर अजूनच अवघड. गायक काळी एकमधे, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात गात असेल तर त्याचा षड्ज म्हणजे सा साधारण १३९ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं, आणि तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर म्हणजे ६९ च्या आसपास. आणि बसचं सहा सिलिंडरचं डिझेल इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असलं तर सेकंदाला ७५ धक्के देतं. म्हणजे खर्ज आणि इंजिन जवळजवळ एकाच जागी बसलेत! इंजिन जोरात आणि खर्ज बारीक, मग खर्ज जाणारच की. तानपुरा नुसता वरच्या झणझणीपुरता उरतो आणि गाणं पोरकं झाल्यागत वाटतं.

इथंच नॉइज कॅन्सलिंगचा खरा उपयोग आहे. हेडफोनवरचे माइक बाहेरचा आवाज टिपतात, आतलं सर्किट त्याची बरोब्बर उलटी लाट तयार करून कानात सोडतं, दोन्ही एकमेकांना खातात. हे साधारण १००० हर्ट्झच्या खालच्या, एकसारख्या चालणाऱ्या घरघरीवर छान चालतं, म्हणजे इंजिन, रेल्वेचा एसी, विमान. ही कल्पना बोस कंपनी काढणाऱ्या अमर बोस यांना १९७८ मधे झुरिकहून परत येताना विमानात सुचली, विमान कंपनीनं दिलेल्या हेडफोनवर इंजिनच्या आवाजात संगीत ऐकू येईना म्हणून त्यांनी तिथंच बसून आकडेमोड सुरू केली. वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ उजाडलं आणि आपल्यासारख्या प्रवाशांसाठीचा क्वाएट कम्फर्ट आला २००० साली. वडील बंगालचे स्वातंत्र्यसैनिक, मुलगा अमेरिकेत प्राध्यापक, मला या माणसाबद्दल फार आदर आहे.

पण नॉइज कॅन्सलिंग म्हणजे सगळं बंद असं कुणी समजू नका. शेजारच्या काकू फोनवर बोलत असतील, ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसला असेल, बाळ रडत असेल, ते येणारच, त्याला कानावर बसणारी गादीच अडवते, सर्किट नाही. दुसरं म्हणजे खिडकी. आपल्या साध्या बसमधे खिडकी उघडीच असते, वारा थेट माइकवर आदळतो आणि कानात नुसतं फर्रर्र सुरू होतं, काही मॉडेलच्या ॲपमधे वाऱ्यासाठी सेटिंग असतं ते आधीच शोधून ठेवा, नाहीतर खिडकीकडच्या बाजूनं बसूच नका. आणि काहींना नॉइज कॅन्सलिंग चालू केलं की कानात दडा बसल्यासारखं होतं, माझ्या जावेला होतं, तिला महागातला महाग दिला तरी उपयोग नाही, म्हणून आधी घालून बघणं मस्ट.

आता सोसण्याचं बोलते, याच्यावर कुठल्या रिव्ह्यूत कुणी नीट बोलत नाही. रिव्ह्यू करणारी बहुतेक पोरं असतात, त्यांच्या कानात काही नसतं. माझ्या कानात कुडी असते. हेडफोनची गादी कानाची पाळी आत दाबते आणि कुडीची मागची फिरकी कानामागच्या हाडाला टोचायला लागते. बेळगावहून कोल्हापूरला निघालं की हत्तरगी, संकेश्वरपर्यंत काही कळत नाही, निपाणी येईतो तो टोचा डोक्यात जातो आणि कागल यायच्या आत हेडफोन मांडीवर. त्याला उपाय म्हणजे गादीचं आतलं भोक मोठं आणि खोल असलं पाहिजे, पूर्ण कान पाळीसकट आत मावला पाहिजे, कडा कानाला लागता कामा नये. कानावर नुसतं टेकणारं छोटं मॉडेल कानातलं घालणाऱ्या बाईनं प्रवासाला घेऊच नये असं मी स्पष्ट सांगते. चष्मेवाल्यांचं पण तसंच, काडीमुळं गादी आणि कानशिलाच्या मधे फट राहते, त्या फटीतून बेस बाहेर जातो आणि इंजिन आत येतं, आणि लोक म्हणतात हेडफोनला बेसच नाही. बारीक काडीचा चष्मा आणि मऊ गादी असली की फरक लगेच कळतो.

वजन बघा, खोक्यावर नसलं तरी नेटवर मिळतं. सोनीचा एक्सएम५ २५० ग्रॅमचा, त्यांचाच स्वस्तातला सीएच७२०एन १९२ ग्रॅम, ॲपलचा एअरपॉड्स मॅक्स जवळजवळ ३८५. अर्ध्या तासाला हे आकडे काही सांगत नाहीत पण बेंगळुरूपर्यंतच्या रात्रीत शंभर ग्रॅमचा फरक मानेला कळतो. नुसतं वजनही नाही, ते टाळूवर एका जागी येतं की पट्टीभर पसरतं ते महत्त्वाचं, अंबाडा किंवा वर क्लिप असेल तर अजूनच. पट्टी किती आवळते तेही बघा, नव्या कोल्हापुरी चपलेसारखं थोडं सैल होतं पुढं पण पहिल्याच दिवशी कानशिलं दुखली तर ते राहतंच. गणपत गल्लीत, खडेबाजारात ओळखीच्या दुकानात मी सरळ विचारते, "दादा, पंधरा मिनिटं घालून बसू का इथं?" बहुतेक जण बसू देतात. बसायचं, मान फिरवायची, जांभई द्यायची, शेंगदाणे असतील तर खायचे, जबडा हलला की गादी सुटते का ते कळतं. जो दुकानदार खोकंच उघडून देत नाही तिथं हजाराच्या वरचं काही घेऊ नका.

रात्रीच्या रेल्वेत मोठा हेडफोन निरुपयोगी, कुशीवर झोपताच येत नाही. तिथं कानाच्या आत जाणारे इअरफोनच बरे, आणि त्यातही सगळा खेळ रबराच्या टिपचा आहे. खोक्यात तीन साइजच्या येतात आणि माणसं मधली लावून विषय संपवतात. दोन कान सारखे नसतात हो, एकीकडं मधली एकीकडं छोटी असं लागू शकतं. नीट बसली की बाहेरचा आवाज एकदम मागं सरकतो आणि बेस भरतो, नाही बसली तर कितीही महागडा असू दे, किरकिरच. फोमच्या टिप मिळतात, चुरगाळून घालायच्या, आत फुगतात, बडबड अडवायला त्याच्याइतकं चांगलं काही नाही, फक्त मळतात लवकर. आणि वायरवाला असेल तर वायर कानावरून मागं घेऊन घाला, नाहीतर ओढणीला घासली की कानात खरखर.

उघड्या पाठीचे हलके फोमवाले असतात, कॉसचा पोर्टा प्रो १९८४ पासून जवळजवळ तसाच बनतोय आणि आवाज इतका मोकळा की घरच्या ओसरीवर मी तोच घालते. पण बसमधे तो नको, बाहेरचं सगळं आत आणि आपलं सगळं शेजारच्याला. स्टेशनवर गाडीची वाट बघताना मात्र मस्त, अनाउन्समेंट चुकत नाही.

ऐकू येण्यावरनं आठवलं, आपल्याकडं बसमधे कान पूर्ण बंद ठेवून चालतच नाही. २०२३ च्या जूनपासून शक्ती योजनेत बायकांना कर्नाटकच्या साध्या बसमधे तिकीट फुकट, पण कंडक्टर येतो, "अक्का, आधार तोरसरी" म्हणतो, कार्ड दाखवून शून्याचं तिकीट घ्यावं लागतं. गर्दीत तो बिचारा दोन-तीनदा ओरडतो आणि आपण आपल्या तंद्रीत, हे बरं दिसत नाही. म्हणून बाहेरचा आवाज आत सोडायचं बटण न बघता सापडलं पाहिजे. टचवाल्यापेक्षा मला साधं दाबायचं बटण आवडतं, रस्ता खराब असला की टच कुठंही लागतो आणि गाणंच बदलतं.

कोडेकवरून, म्हणजे ब्लूटूथनं गाणं कुठल्या पद्धतीनं पाठवायचं यावरून, पोरं फार भांडतात, एलडॅक की एएसी. एलडॅक ९९० केबीपीएसपर्यंत जातो हे खरं, पण खानापूर रस्त्यावर तो फरक ऐकू येणारा कान मला अजून भेटला नाही, ते पैसे चांगल्या गादीत घाला. वायरनं चालणारा असावा एवढं मात्र बघा, बॅटरी संपली तरी बहुतेक मॉडेलमधे गाणं राहतं, आणि फोनला गोल जॅक नसेल तर आत डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालेल असा सिग्नल करणारी चिप, असलेलं सी-टाइप कन्व्हर्टर घ्या, साधं स्वस्त कन्व्हर्टर काही फोनवर चालतच नाही. आणि गाणी डाउनलोड करून ठेवा बाई, जांबोटी सोडून कणकुंबी, चोर्ल्याकडं लागलं की रेंजचा भरवसा नाही.

व्हॉल्यूमचं एक कळकळीनं सांगते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबानं मोठ्या माणसाला ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, आणि तेच ९० केलं की फक्त ४ तास. रोज निपाणी-बेळगाव किंवा खानापूर-बेळगाव अपडाऊन करणारी कॉलेजची मुलं बसच्या आवाजावर मात करायला फुल व्हॉल्यूम ठेवतात, त्यांचा आठवड्याचा कोटा दोन-तीन दिवसांतच संपत असेल. कान गेला की परत येत नाही. बाहेरचा आवाज अडला की व्हॉल्यूम आपोआप खाली येतो, म्हणून पोरासाठी घेताना थोडे जास्त पैसे गेले तरी अडवणारा घ्या. आणि स्कूटीवर कानात काही घालू नका, हायवेला तर नाहीच नाही.

पावसाळ्याचं राहिलं. खानापूर भागातल्या दमट हवेत कृत्रिम चामड्याच्या गाद्या लवकर सोलतात, काळे पापुद्रे कानाला चिकटतात. घेतानाच विचारा की या मॉडेलच्या गाद्या वेगळ्या मिळतात का आणि घरी बदलता येतात का. घरी आल्यावर कोरड्या फडक्यानं पुसा, ओला असताना डब्यात कोंबू नका, आणि डब्यात सिलिका जेलची पुडी टाका, नव्या चपलांच्या खोक्यात फुकट मिळते ती चालते.