होडीचं कार्पेट: कोजागरीला काढलं, दिवाळीत अडलं

कोजागरी

होडी वर घेतली. सोळा फुटी फायबरची, गळाच्या मासेमारीपुरती. देवबागला कर्ली नदीच्या खाडीकाठावर माडांखाली ओंडके टाकून ठेवले होते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हा आपल्याकडचा जुना हिशेब, म्हणजे पौर्णिमेला सव्वाअकरा. खाडीत पाणी जरा उशिरा चढतं. बाराच्या सुमारास चौघांनी ओढली. उधाण होतं म्हणून इतकी वर आली. आता पुन्हा एवढं पाणी अमावास्येलाच, म्हणजे हातात पंधरा दिवस.

शेजारचे आबा चाळीस वर्षं रापणीला, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या जाळ्याच्या मासेमारीला, गेलेले. नवीन कार्पेटचा गठ्ठा बघून म्हणाले, "होडयेत गालिचो कित्याक रे? जावय येवचो आसा काय?"

आबांच्या तळव्यांना एप्रिलच्या उन्हातलं फायबर लागत नाही, मला लागतं. शिवाय शिशाचं वजन हातून निसटून तळावर पडलं की दणका पाण्यात जातो आणि खालचे मासे बिचकतात. एवढी दोन कारणं मला पुरतात.

संकष्टी

जुनं निघालं. आधीच्या मालकानं घरात घालतात तसलं कार्पेट लावलं होतं, पाठीला तागाचं कापड. खाऱ्या पाण्यात ताग किती टिकणार? वरची लव हातात आली आणि पाठ फळीलाच चिकटून राहिली. वास जुन्या खारवणाचा, वर आपला उपास.

गोंद काढायला तीन दिवस गेले. हीट गन आणि रुंद पटाशी, बस. थिनर ओतून बघितलं, तर गोंद विरघळून लाकडात जिरतो आणि नंतर जास्त त्रास देतो. राहिलेले डाग तेवढे ॲसिटोनच्या फडक्यानं पुसले. पेट्रोलची टाकी आणि बॅटरी त्याआधी उतरवून घरी नेली होती. हीट गन चालू असताना थिनर-ॲसिटोनचा डबा जवळपासही नको.

फळी तपासायची तर पेचकसाच्या मुठीनं ठोकत जायचं. चांगली असेल तिथे टणटण वाजते. खुर्चीच्या बैठकीभोवती धप्प आवाज आला आणि पेचकस अर्धा इंच आत गेला. स्क्रूच्या भोकांतून पाणी मुरत होतं, वरचं कार्पेट ते सुकू देत नव्हतं. फळी साधी कमर्शियल प्लाय निघाली.

पंचमी ते दशमी

कुडाळहून मरीन प्लाय आणली, १२ मिमी. शिक्का बघून घ्या: आयएस ७१० पाहिजे, मरीन प्लायचं भारतीय मानक. 'वॉटरप्रूफ आहे हो' एवढ्यावर भागवू नका. पत्रा ८ बाय ४ फुटांचा, माझा तळ साडेचार फूट रुंद, त्यामुळे सांधा टाळता आला नाही. तो खालच्या आडव्या पाटावर येईल असा घेतला.

फळ्या बसवण्याआधी तळ गोड्या पाण्यानं तीनदा धुतला. मीठ राहिलं की ते हवेतली ओल ओढत राहतं, वरून कितीही कोरडं दिसो. पाणी निघायच्या भोकात जुन्या लवेचा बोळा अडकला होता. दोन वर्षं मी उगाच पंपाला शिव्या घातल्या.

इपॉक्सीचे, म्हणजे दोन भाग मिसळून लावायच्या राळेचे, दोन हात, कडांना तीन. कडेला लाकडाचे रेषे कापलेले असतात, फळी पाणी तिथूनच पिते. हात दुपार कलल्यावर द्यायचा. सकाळी दिला तर लाकूड तापतं, आतली हवा फुगते आणि बुडबुडे येतात. ऑक्टोबरचं ऊन माहीत आहेच. दुसऱ्या दिवशी सकाळी बोट लावलं तर वर मेणचट थर होता. तो साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवून काढला, नाहीतर पुढचा हात धरत नाही.

स्क्रूची भोकं मोठी पाडली, इपॉक्सीनं भरली आणि वाळल्यावर मधोमध पुन्हा पाडली. आता स्क्रू इपॉक्सीतून जातो, लाकडाला शिवत नाही. स्क्रू ३१६ ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलचे घेतले. ३०४ चे आमच्या हवेत तांबूस पडतात.

वसुबारस

नवीन कार्पेट पॉलिप्रॉपिलीनचं, उन्हात टिकणारं, ६ मिमी. धागा पाणी पीत नाही, म्हणून निथळून लवकर सुकतं. साचा वर्तमानपत्राचे कागद जोडून केला. जुनं कार्पेट ओढून ताणलेलं असतं, त्यावरून माप घेऊ नये. आणि पाठीवर आखताना साचा उलटा ठेवायचा. मी खडूनं पूर्ण आखून झाल्यावर चहा प्यायला बसलो, तेव्हा डोक्यात आलं. आधी कात्री घेतली असती तर संपलंच होतं. लव सगळ्या तुकड्यांत एकाच दिशेला, नाळेकडून, म्हणजे पुढच्या टोकाकडून, मागे घेतली, नाहीतर रंग दोन दिसतात.

धनत्रयोदशी

सकाळी दहिवर उडाल्यावर साडेआठला सुरुवात. मतलई चालू होती, जमिनीवरचा कोरडा वारा. रबरी सोल्यूशन फळीला आणि पाठीला दोन्हीकडे लावलं. बोटाला चिकटेनासं झालं की मध्ये कागद ठेवून तुकडा जागेवर घेतला आणि कागद हळूहळू ओढत दाबत गेलो. हे सोल्यूशन एकदा धरलं की सोडत नाही, सरळ करायला दुसरी संधी नाही. अकरापर्यंत पुढचे दोन्ही तुकडे बसले. इतके छान बसले की माझी हवा झाली.

मागची पट्टी उरली होती. जेवून अडीचला लावायला घेतली. तोवर खारे वारे सुटले होते. सोल्यूशनवर दुधावर साय धरावी तसा पांढुरका थर आला. त्यातला द्रव उडताना पृष्ठभाग गार पडतो आणि दमट हवेतलं पाणी त्यावरच बसतं. मला दिसत होतं, तरी दाबलं. संध्याकाळी दोन्ही कोपरे वर.

अमावास्या

होडीतल्या कप्प्यांची झाकणं बसत नाहीत. जुनं कार्पेट ३ मिमीचं होतं, नवीन ६, आणि कडेवरून दुमडलं की दोन्ही बाजू मिळून ६ मिमी जास्त. रंधा मारला, तर कडा उघड्या पडल्या, म्हणजे पुन्हा इपॉक्सी. बाहेर लक्ष्मीपूजनाचे फटाके, मी टॉर्च घेऊन होडीत. पाणी आलं आणि गेलं. पुढचं उधाण त्रिपुरी पौर्णिमेला.

भाऊबीज

झाकणांना दोन हात झाले, तिसरा उद्या. मागची पट्टी सोलून, जुनं सोल्यूशन खरवडून ठेवलंय. ती शनिवारी सकाळी, मतलई असेल तरच. आबा दुपारी होडीत आडवे झालेले सापडले. चपला खाली, ओंडक्याशेजारी काढून ठेवलेल्या.