दोर सावलीत वाळत घातलेत

सोमवार

गुहेतल्या बचावाच्या आमच्या कोर्ससाठी आणलेले नवे दोर रात्रभर साध्या पाण्यात बुडवून ठेवले होते, ते आज सकाळी बाहेर काढले. सेमी-स्टॅटिक, म्हणजे कमी ताणले जाणारे, १०.५ मिलिमीटर जाडीचे. असा दोर पहिल्यांदा भिजला की आटतो. ५० मीटर म्हणून आणलेला दोर वाळल्यावर दोन-तीन मीटर कमी भरला तर नवल नाही, म्हणून लांबी मोजून टोकाला खूण करायची ती वाळल्यानंतरच. न भिजवलेल्या दोरावर आधीच खूण केली, तर खाली उतरणाऱ्याला दोर जमिनीपर्यंत पोचतो असं वाटतं आणि तो पोचत नाही. साबणाची पावडर लावायची नाही, गच्चीवर उन्हात टाकायचा नाही. व्हरांड्यातली सावली पुरते.

जुने दोर हातातून वीत-वीत सोडून पाहिले. दोर वाकवला की गोल कमान व्हायला हवी. एका जागी तो चिमटल्यासारखा मोडत असेल, तर आतला गाभा तुटलाय. चपटा लागणारा, आतून पोकळ वाटणारा किंवा आवरण केसाळ झालेला भाग तिथेच कापायचा. उरलेले तुकडे गाठींच्या सरावाला.

दोर कुठे ठेवलाय हेही विचारायचं. आपल्याकडे घरात अडगळीची जागा म्हणजे इन्व्हर्टरखालचा कप्पा. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं आणि दोरावर डाग दिसेलच असं नाही. गाडीच्या डिकीत जुन्या बॅटरीशेजारी पडलेल्या दोराचंही तेच. संशय आला तर तो दोर माणसासाठी बाद.

मंगळवार

कोर्सला नाव घालणाऱ्यांचे प्रश्न बहुतेक दोराचे असतात: कुठला डिसेंडर (दोरावरून उतरायचं साधन) घेऊ, जुमार (चढताना दोर पकडणारं साधन) एक की दोन. स्ट्रेचरबद्दल क्वचितच कुणी विचारतं. नवख्याच्या वाट्याला प्रत्यक्षात येतं ते हेच काम. २०२१ च्या नोव्हेंबरमध्ये वेल्समधल्या ओगोव्ह फिनॉन डी या गुहेतून एका जखमी माणसाला बाहेर काढायला ५४ तास लागले, अडीचशेच्या वर माणसं राबली. एवढी माणसं लागतात ती वाहायला, पाळी बदलायला, सामान आत-बाहेर पोचवायला.

सपाट रस्त्यावर स्ट्रेचर उचलून चालतात. गुहेत पाय घसरतात, छत डोक्याला लागतं, म्हणून तिथे चालायचं नाही. दोन रांगा समोरासमोर बसतात, पाय एकमेकांत गुंततात आणि स्ट्रेचर मांड्यांवरून पुढे सरकतं. ज्यांच्या मांडीवरून ते गेलं, ते बाजूने सरपटत पुढे जाऊन पुन्हा बसतात. स्ट्रेचर हलत असताना ते ज्यांच्या मांडीवर आहे, त्यांनी जागेवरच राहायचं. हा नियम मोडला की कुणाचा तरी अंगठा खडक आणि स्ट्रेचरच्या कडेमध्ये सापडतो. हुकूम एकाचाच, जखमीच्या डोक्याशी असलेल्याचा. ‘थांबा’ मात्र कुणीही ओरडावं आणि सगळ्यांनी थांबावं. अवघड जागी शंभर मीटरला तास गेला तरी ती गती वाईट नाही.

सरावाला गुहा लागत नाही. कुणाच्या वाड्यातला बोळ आणि जेवणाची चार टेबलं रांगेत, त्याखालून न्यायचं. भाताचं पोतं बांधून सुरुवात करा, पण नंतर प्रत्येकाने एकदा स्वतः डोळे बांधून स्ट्रेचरमध्ये पडायचं. कानाशी कुणी बोलत नसेल तर काय वाटतं, पट्टा बरगडीवर कुठे रुततो, पाणी चेहऱ्यावर ठिबकलं की पुसायला हात मोकळा नसतो, हे सांगून कळत नाही. जखमीलाही हेल्मेट आणि डोळ्यांवर गॉगल हवा.

व्यायाम काय करू, असं कोल्हापुरात विचारायचं म्हणजे कमालच. जोर, बैठका आणि सरपटणं. तालमीत चार महिने घाम गाळलेला पोरगा यंत्रावर वजनं उचलणाऱ्यापेक्षा इथे जास्त टिकतो, असं आमचं मत.

बुधवार

दिवे तीन. तिन्ही स्वतंत्र, त्यातला मुख्य हेल्मेटवर घट्ट बसवलेला. मोबाइलचा टॉर्च मोजणीत धरू नका. खोक्यावर लिहिलेल्या तासांवरही विश्वास नको. रात्री घरी पूर्ण सेल घालून लावून ठेवायचा आणि मंद कधी होतो ती वेळ दिव्यावरच चिकटपट्टीने लिहायची. पिशवीतल्या दिव्याचं बटण दाबलं जाऊन तो आतच जळत राहतो, म्हणून एक सेल उलटा घालून ठेवा. सेल बदलायचा सराव अंधारात, ओल्या हातमोज्यांनी.

शिवाजी उद्यमनगरात मिळणारी जाड डांगरी चालते, गमबूटही चालतात. उलट, हूकवाल्या लेसचे ट्रेकिंगचे बूट दोरात अडकतात. कारखान्यातलं पिवळं हेल्मेट मात्र नको. ते वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असतं. माणूस आडवा आदळला तर ते डोक्यावर टिकत नाही. हनुवटीला पक्का पट्टा असलेलं गिर्यारोहणाचंच घ्या.

आणि जीन्स नको, सुती बनियनही नको. इथे नेहमी वाद होतो. गुहेचं तापमान साधारण त्या भागाच्या वर्षभराच्या सरासरीइतकं असतं, म्हणजे आपल्या भागात २५ अंशांच्या आसपास, मग थंडी कसली? पण पाणी हवेपेक्षा सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब ओढतं. वाहणारा घामाघूम असतो आणि जखमी ओल्या खडकावर तासन्‌तास निश्चल. त्याच्या अंगावर घोंगड्या रचतात आणि खाली काहीच घालत नाहीत, ही हमखास होणारी चूक. आधी खाली फोमची चटई, मग ओले कपडे उतरवणं, मग वरचं पांघरूण.

गुरुवार

हवा. या विषयाला आपल्याकडे गुहेपेक्षा विहिरीचा अनुभव जास्त आहे. गाळ काढायला एक उतरतो, पडतो. त्याला काढायला दुसरा, मग तिसरा. पडलेल्याच्या मागे तसंच उतरायचं नाही, बचावात सगळ्यात आधी शिकायचं ते हेच.

बाहेरच्या हवेत कार्बन डाय-ऑक्साइड ०.०४ टक्के असतो. ३ टक्क्यांच्या आसपास धाप लागते, डोकं ठणकतं. ५ च्या पुढे धोका सरळ आहे. लायटर पेटवून पाहण्याची जुनी पद्धत ऑक्सिजन किती कमी झालाय एवढंच सांगते. वायू विषारी आहे का, ते तिच्यातून कळत नाही. ज्वलनशील वायू असेल तर तीच स्फोटाला कारण होते. मोजायचं यंत्र नसेल तर शरीराचं ऐका. चढ नसताना धाप लागली, की प्रश्न न विचारता सगळ्यांनी मागे फिरायचं.

वटवाघळांच्या विष्ठेची कोरडी धूळ उडत असेल तिथे एन-९५ मास्क. कड्याच्या तोंडाशी आग्या मोहोळ असेल तर जागाच बदला. अत्तर, धूर, आरडाओरडा वर्ज्य.

शुक्रवार

गाठी मोजक्याच: आठाची, बटरफ्लाय, डबल फिशरमन, प्रुसिक, इटालियन हिच. दहा शिकून गोंधळण्यापेक्षा या पाच पाठीमागे हात घेऊन बांधता याव्यात. आठाच्या गाठीत पेड एकमेकांवर चढलेले नकोत, शेपूट किमान १० सेंटिमीटर. दोर पिशवीत भरताना आधी खालच्या टोकाला गाठ, मग बाकीचं. ती गाठ विसरली तर उतरणारा दोराच्या टोकावरून सुटून खाली जातो.

हार्नेसला, म्हणजे कमरेच्या पट्ट्याला, जोडायची काऊटेल (स्वतःला अडकवायचा आखूड दोर) डायनॅमिक, म्हणजे ताणल्या जाणाऱ्या, दोराचीच करा. पट्टीची स्लिंग जवळजवळ ताणली जात नाही, त्यामुळे अर्धा मीटर पडलं तरी झटका अँकरला (खडकातल्या आधाराला) आणि कमरेला बसतो. चढता-चढता थांबून उतरायला लागणं, म्हणजे जुमारवरून डिसेंडरवर येणं, जमिनीपासून दोन फुटांवर जमेपर्यंत कुणालाही उंच सोडणार नाही. हार्नेसमध्ये निश्चल लोंबकळणारा माणूस काही मिनिटांत बेशुद्ध होऊ शकतो. जुमारचे दात चिखलाने भरले की पकड सुटते. जांभ्याचा तांबडा चिखल त्यात फारच चिवट. जुना टूथब्रश दोरीने हार्नेसला बांधा.

अँकरचा कोन फळ्यावर नुसता काढून दाखवत नाही, वजनकाटा लावून दाखवतो. दोन अँकरकडे जाणाऱ्या दोरांमध्ये ६० अंश असतील तर १०० किलोच्या भाराला प्रत्येकावर ५८ किलो येतात. १२० अंश झाले की प्रत्येकावर पुरे १००. ओढायची झेड-पुली, म्हणजे दोर झेडच्या आकारात पुल्यांवरून घेतलेली जुळणी, कागदावर तिप्पट ताकद देते, पण पुलीऐवजी कॅराबिनर (उघडझाप होणारी कडी) वापरला तर घर्षणात बरीच जाते. एक मीटर वर न्यायला तीन मीटर दोर ओढावा लागतो. ओढायला दोघे-तिघे पुरे. जास्त जोर लागतोय म्हणजे स्ट्रेचर कुठेतरी अडकलंय, आणि दहा जण ओढायला लागले तर ते कुणाला कळणारच नाही.

पोहाळे किंवा मसाई पठारावरची लेणी सरावाला मागू नका. कोरीव दगडात बोल्ट मारायचा नसतो.

शनिवार

तोंडी निरोप गुहेत तीन माणसांतून गेला की बदलतो. म्हणून जलरोधक वही आणि पेन्सिल: कोण, कुठे, काय झालं, शुद्धीवर आहे का, श्वास आणि नाडी किती, काय हवंय, किती वाजता लिहिलं. नाडी दर पंधरा मिनिटांनी.

तोंडाशी बसणाऱ्याकडे नोंदवही. आत गेलेल्याचं नाव, वेळ, दिव्यांची संख्या, आणि बाहेर येताना स्वतःची सही. दुसऱ्याने केलेली सही चालत नाही. नाहीतर चहा प्यायला गेलेल्या माणसाला शोधायला चौघे आत जातात.

पावसाळ्यात कोर्स का नाही, हा प्रश्न यंदाही आला. २०१८ साली थायलंडच्या थाम लुआंग गुहेत १२ मुलं आणि त्यांचा प्रशिक्षक अडकले ते पावसाच्या पाण्यानेच. तिथला पाणउपसा करायला आपल्या शेजारच्या किर्लोस्करवाडीशी नाळ असलेल्या किर्लोस्कर ब्रदर्सचे तज्ज्ञही गेले होते. आपल्याकडे गगनबावड्याला दिवसभर कोसळलं की जांभ्याच्या पोकळ्यांतून पाणी नंतर कित्येक दिवस वाहत राहतं. आकाश निरभ्र दिसतं आणि आत पातळी चढते.

खाण्याला गूळ, शेंगदाणे, खजूर. फरसाण नको, तहान लागते. दोन लिटर पाणी प्रत्येकी.

घरच्यासाठी चिठ्ठी: जागा, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, आणि त्यानंतर किती थांबून ११२ ला फोन करायचा ती नेमकी वेळ. ‘संध्याकाळपर्यंत’ असं लिहिलेली चिठ्ठी परत देणार आहोत.