श्वाझरचं नाव काढलं की बोल्झानोत वाद पेटतो

उत्तर इटलीतल्या बोल्झानोत, आमच्या ऑफिसच्या कॉफीमशीनजवळ आलेक्स श्वाझरचा विषय निघाला की दोन तट पडतात. चालण्याच्या शर्यतीत ऑलिंपिक सुवर्ण जिंकलेला आणि पुढे उत्तेजकांच्या प्रकरणात दोनदा अडकलेला हा इटालियन. एकांच्या मते तो लबाड, दुसऱ्यांच्या मते बळी. दुसरा तट जास्त मोठ्याने बोलतो. साहजिकच आहे, पोरगा इथलाच. इथून उत्तरेला, ऑस्ट्रियाच्या सीमेवरच्या ब्रेनर खिंडीच्या अलीकडे राचिंग्स म्हणून खोरं आहे, तिथला.

नाशिकला फोनवर हे सांगायला गेले, तर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवरून नुकतेच आलेले मामा म्हणाले, "चालण्याची शर्यत? मग मीही जातो की ऑलिंपिकला!"

मामा, २००८ ला बीजिंगमध्ये श्वाझरने ५० किलोमीटर ३ तास ३७ मिनिटं ९ सेकंदांत काढले. म्हणजे दर किलोमीटरला साधारण ४ मिनिटं २० सेकंद, आणि तेही चालत! एक पाय कायम जमिनीला टेकलेला हवा, पुढचा पाय टेकल्यापासून शरीराखाली येईपर्यंत गुडघा ताठ हवा. पंच डोळ्यांत तेल घालून बघत असतात. ट्रॅकवर एक किलोमीटर पळून तरी बघा या वेगाने.

मग मामांनी खरा प्रश्न विचारला, "आपल्या संजीवनीसारखंच का त्याचं?" नाशिकची धावपटू संजीवनी जाधव हिच्या नमुन्यात २०१८ ला प्रोबेनेसिड, म्हणजे उत्तेजकं लपवू शकणारं औषध, सापडलं होतं. दोन वर्षांची बंदी भोगून ती पुन्हा धावायला लागली. श्वाझरचं प्रकरण मात्र दोन अंकी नाटकासारखं आहे.

पहिल्या अंकात वादाला जागाच नाही. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या तोंडावर तो ईपीओ घेताना सापडला. हे औषध रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवतं. ते तुर्कस्तानातून आणल्याचं त्याने इथेच बोल्झानोत पत्रकारांसमोर रडत कबूल केलं. त्याची तेव्हाची मैत्रीण, फिगर स्केटर कारोलिना कोस्टनर, हिलाही बंदी आली, कारण तपासनीस दारात आला तेव्हा "तो घरी नाही" असं तिने सांगितलं होतं.

दुसऱ्या अंकात गंमत अशी की, बंदीनंतर परतण्यासाठी त्याने प्रशिक्षक म्हणून निवडलं सान्द्रो दोनातींना. इटलीतल्या डोपिंगविरुद्ध आयुष्यभर लढलेला माणूस! मे २०१६ मध्ये रोमला श्वाझर ५० किलोमीटर जिंकला. पुढच्याच महिन्यात बातमी आली की १ जानेवारीला घरी येऊन घेतलेल्या लघवीच्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉन हे ताकद वाढवणारं, बंदी असलेलं संप्रेरक सापडलंय. रिओच्या शर्यतीच्या अगदी आधी क्रीडा लवादाने आठ वर्षांची बंदी घातली.

आमच्या ऑफिसातला दुसरा तट इथे टेबल बडवतो. कारण २०२१ मध्ये बोल्झानोच्या न्यायाधीशांनी फौजदारी खटला निकालात काढताना, नमुन्यात फेरफार झाल्याची दाट शक्यता आहे, असं म्हटलं. लघवीतल्या डीएनएचं प्रमाण विचित्र होतं, हा त्यातला मोठा मुद्दा. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेने आणि अॅथलेटिक्स महासंघाने हे साफ झिडकारलं. स्विस सर्वोच्च न्यायालयानेही बंदी उठवली नाही. ती पूर्ण भोगूनच २०२४ च्या जुलैत संपली.

मला विचाराल तर पहिल्या वेळचा तो दोषी, दुसऱ्या वेळचं मी शपथेवर सांगणार नाही. पण एक खटकतं. फौजदारी कोर्टात गुन्हा सरकारने सिद्ध करायचा असतो. इथे नमुन्यात उत्तेजक सापडलं की आपण निर्दोष आहोत हे खेळाडूने दाखवायचं. ही कडक पद्धत नसती तर निम्मे सुटले असते, हेही खरं. पण मग नमुन्याची बाटली कुठे ठेवली, कुणी हाताळली, याचा हिशेब तरी तितकाच कडक नको का?

आणि या सगळ्या गोंगाटात जॅरेड टॅलंटचं नाव कुणी घेत नाही. हा ऑस्ट्रेलियन बीजिंगला श्वाझरच्या मागे दुसरा आला. लंडनलाही दुसराच, पहिला आलेला रशियन डोपिंगमध्ये बाद झाला आणि टॅलंटला सुवर्ण मिळालं, पण चार वर्षांनी, मायदेशी मेलबर्नमध्ये. रोमला २०१६ मध्ये पुन्हा श्वाझरच्याच मागे दुसरा; तोही निकाल नंतर बदलला. मामांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे त्या बिचाऱ्याला रेषा ओलांडताना कधी कळलंच नाही, आपण जिंकलो ते!"